दोघांनी दोघं राहावं

लग्न म्हणजे दोन जिवांचं एक होणं, हे आपल्याला कोणी मुद्दाम शिकवत नाही. ते आपोआप कानांवर पडत राहतं. मांडवातल्या आशीर्वादांत, लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांत, म्हाताऱ्या माणसांच्या कौतुकात. अर्धनारीनटेश्वरासमोर हात जोडतानाही आपण तेच पाहत असतो, एक देह आणि त्याचे दोन अर्धे भाग. ही कल्पना सुंदर आहे, पण लग्न टिकवण्याच्या कामी ती फारशी येत नाही. उलट कित्येक लग्नं तिच्यामुळेच आतून पोखरली जातात, असं माझं मत झालं आहे.

मी कोल्हापुरात विवाह समुपदेशक म्हणून काम करते. त्याआधी काही वर्षं महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत होते. वडील माळकरी. घरात ज्ञानेश्वरीचं पारायण व्हायचं आणि चातुर्मासात अमृतानुभवाचं वाचन. त्यामुळे द्वैत आणि अद्वैत हे शब्द मला कळायच्या आधी ऐकून पाठ होते. माझ्याकडे येणारी जोडपी हे शब्द वापरत नाहीत. ती सासूच्या औषधांबद्दल बोलतात, फ्लॅटच्या हप्त्यांबद्दल, मोबाइलच्या पासवर्डबद्दल, माहेरी किती दिवस राहायचं याबद्दल. पण थोडं ऐकून घेतलं की त्याखाली बहुतेक वेळा एकच प्रश्न निघतो. आपण दोघं एक आहोत की दोन?

सगळ्यांत जास्त वेळा मी ऐकलेलं वाक्य असं आहे, "हे सांगायला कशाला पाहिजे? एवढी वर्षं संसार केला, एवढंही कळू नये?" बायका म्हणतात, पुरुषही म्हणतात. पुरुष बहुधा मनातल्या मनात म्हणतात आणि गप्प बसतात. या वाक्यात तक्रारीइतकीच श्रद्धाही आहे. आपण एक आहोत, म्हणून माझ्या मनातलं तुला न सांगता कळलं पाहिजे, ही ती श्रद्धा. आणि एकदा ती धरली की समोरच्याला काही कळलं नाही, याचा अर्थ त्याला ते माहीत नव्हतं इतकाच उरत नाही. त्याचा अर्थ होतो, त्याचं माझ्यावर प्रेम नाही. साध्या अज्ञानाला विश्वासघाताचं वजन येतं. मग मागून सांगितलेलं, समजावलेलं, केलेलं काहीच पुरत नाही, कारण "मी सांगितल्यावर केलं, त्यात काय मोठंसं?"

एका जोडप्याविषयी सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. तो एमआयडीसीतल्या फाउंड्रीत सुपरवायझर, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लग्नाला पंधरा-सोळा वर्षं झालेली, दोन मुलं. भांडण असं काही नव्हतं. बोलणंच थांबलं होतं. तो कंपनीतून सुटल्यावर उगाच इकडे तिकडे वेळ काढून उशिरा घरी यायचा आणि ती तो यायच्या आत मुलांना घेऊन झोपायची. असं का झालं, हे विचारल्यावर त्याला काही सांगता आलं नाही. तिने मात्र लगेच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तिचे वडील मिरजेच्या दवाखान्यात आयसीयूत होते, तेव्हापासून.

"काय कमी केलं मी?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, खरोखरचं कोडं होतं. "रजा टाकली. रक्ताच्या पिशव्या आणल्या. सासूबाईंना डबा पोचवला. रात्री बाहेर बाकड्यावर झोपलो. बिलातले निम्मे पैसे मी भरले, त्याचा शब्दसुद्धा कधी काढला नाही."

ती म्हणाली, "तुम्ही सगळं केलं. पण माझ्याकडं बघितलंच नाही."

अशा वेळी मी एक साधी रीत वापरते. एकाने बोलायचं, थोडंच, आणि स्वतःबद्दल. दुसऱ्याने उत्तर द्यायचं नाही, खुलासा करायचा नाही. जे ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि बोलणारा "हो, असंच" म्हणेपर्यंत सांगत राहायचं. लिहिताना हे पोरखेळासारखं दिसतं. करायला बसलं की घाम फुटतो. त्याने पहिल्यांदा सांगितलं, "म्हणजे मी काही केलं नाही असं तुला वाटतंय." तिने मान हलवली, नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, "तुला एकटं वाटत होतं, पण मी तिथंच होतो की." मी त्याला 'पण'च्या आधी थांबायला सांगितलं. तिसऱ्यांदा तो बराच वेळ काही बोललाच नाही. गुडघ्यावर ठेवलेल्या हेल्मेटची काच वरखाली करत राहिला. मग म्हणाला, "तू आयसीयूच्या दारात उभी होतीस. मी तुझ्यासमोरनं येत होतो, जात होतो. औषधांची चिठ्ठी घ्यायचो आणि जायचो. तू कशी आहेस हे मी एकदाही विचारलं नाही. मी असून तू एकटी होतीस."

"हो," ती म्हणाली. "असंच." आणि चष्मा काढून पदराने पुसत बसली.

मग त्याची पाळी. त्याने जे सांगितलं त्याची मलाही कल्पना नव्हती. त्याचे वडील तो नववीत असताना गेले. स्मशानात चुलत्याने खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, आता घरातला कर्ता तू, डोळ्याला पाणी आणायचं नाही. "हिच्याकडं बघितलं असतं तर मी तिथंच खाली बसलो असतो," तो म्हणाला. "मग पळापळ कुणी केली असती?" तिला त्याचे वडील कधी गेले हे ठाऊक होतं. दर वर्षी श्राद्धाचे वडे आणि खीर तीच करते, सासऱ्यांना काय आवडायचं तेही तिला पाठ आहे. पण स्मशानातलं ते वाक्य तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

इथे काय घडलं? दोघं एक झाली नाहीत. उलट दोघांच्या मध्ये एक अंतर नव्याने दिसलं. हा माणूस माझ्यासारखा नाही, त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ माझ्या गप्प बसण्याच्या अर्थापेक्षा वेगळा आहे, हे तिला कळलं. आणि त्याला कळलं की आपण जे प्रेम म्हणून करत होतो ते तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. समोरच्याला आपण ओळखतो, हा दोघांचाही समज थोडा मोडला. तो मोडल्यावरच एकमेकांकडे कुतूहलाने पाहायला जागा झाली. जोडप्यांची थेरपी नातं कशी सुधारते, असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. ती आधी दोघांना वेगवेगळं करते.

ज्यांच्या अभ्यासावर माझं काम उभं आहे त्यांचंही म्हणणं, मला दिसतं तसं, याच दिशेने जातं. सू जॉन्सन आणि लेस ग्रीनबर्ग यांनी 1980च्या दशकात कॅनडात भावनाकेंद्री थेरपीची मांडणी केली. त्यांनी दाखवलं की बहुतेक दुखावलेली जोडपी एका चक्रात सापडलेली असतात. एक जण मागे लागतो, दुसरा मागे सरतो. तो गप्प होतो म्हणून ती जोरात बोलते आणि ती जोरात बोलते म्हणून तो आणखी गप्प होतो. दोघांनाही आपण फक्त उत्तर देतोय असंच वाटत असतं. जॉन्सन यांनी मानसोपचारतज्ज्ञ बोल्बी यांचा ओढ-बंधाचा सिद्धान्त मोठ्या माणसांच्या नात्याला लावला. लहान मूल आई दिसेनाशी झाली की जसं घाबरतं तसं मोठं माणूसही घाबरतं, फक्त ते रडण्याऐवजी टोमणा मारतं किंवा टीव्ही लावून बसतं. दोघांनी त्या चक्राकडे एकत्र पाहिलं की शत्रू बदलतो. समोरचा माणूस शत्रू राहत नाही.

सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना बोलायला बसवलं, त्यांची नाडी मोजली, चेहऱ्यावरची हालचाल टिपली. घुम्यासारखा बसलेला नवरा आपल्याला दगड वाटतो, पण त्याच्या छातीचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेलेले असू शकतात. त्या अवस्थेत माणसाला नीट ऐकूच येत नाही. म्हणून गॉटमन निदान 20 मिनिटं थांबायला सांगतात आणि मग पुन्हा बोलायला. त्यांचा आणखी एक निष्कर्ष मी जवळजवळ प्रत्येक जोडप्याला सांगते. जोडप्यांमधले जवळपास 69 टक्के मतभेद कधीच सुटत नाहीत. सुखी जोडप्यांचेही सुटत नाहीत. स्वभाव, सवयी, घराबद्दलच्या, पैशाबद्दलच्या, देवाधर्माबद्दलच्या कल्पना यांतून ते येतात आणि माणूस आहे तोवर राहतात. नातं मोडायला मतभेद लागत नाहीत, तुच्छता लागते. डोळे फिरवणं, "तुझ्या घरचेच तसले", मुलांसमोर केलेली नक्कल. हे ऐकून काही जण निराश होतात. बहुतेकांच्या चेहऱ्यावर मात्र सुटका दिसते, कारण इतकी वर्षं ते एक न सुटणारं गणित सोडवत होते आणि ते सुटत नाही म्हणून स्वतःला नापास ठरवत होते.

म्हणजे विज्ञानही सांगतं की दुसरा माणूस दुसराच राहतो. मग धर्माने आपल्याला जे एकत्व सांगितलं, त्याचं काय करायचं?

बृहदारण्यकोपनिषदातला याज्ञवल्क्य आणि मैत्रेयी यांचा संवाद मी वर्गात शिकवायचे. याज्ञवल्क्य घर सोडून निघाला आहे आणि जाण्यापूर्वी मैत्रेयी आणि कात्यायनी या दोन बायकांमध्ये संपत्तीची वाटणी करू पाहतो. मैत्रेयी विचारते, या धनाने मी अमर होईन का? मग तो तिला सांगतो की पती पतीसाठी प्रिय नसतो, आत्म्यासाठी प्रिय असतो. पत्नीचं तसंच, मुलांचं तसंच, धनाचं तसंच. वर्गात एखादी मुलगी हमखास विचारायची, म्हणजे सगळे स्वार्थीच ना? तेव्हा मी शांकरभाष्याच्या वाटेने उत्तर द्यायचे. इथला आत्मा म्हणजे तुझा-माझा अहंकार नव्हे, सर्वांत असलेलं एकच तत्त्व. प्रेमाची वाट शेवटी तिथेच जाते.

उत्तर बरोबर होतं आणि अजूनही मी ते बरोबरच मानते. पण नवरा-बायकोच्या खोलीत ते पुरत नाही. आयसीयूच्या दारातल्या त्या बाईला सर्वांभूती असलेल्या तत्त्वाने प्रिय मानलेलं नको होतं. तिला ती म्हणून पाहिलेलं हवं होतं. तत्त्वज्ञानातलं अद्वैत हे सगळ्या भेदांच्या पलीकडचं आहे, ते साधनेच्या शेवटी येतं. संसारात आपण ते सुरुवातीलाच गृहीत धरतो आणि त्याच्या जोरावर समोरच्याला विचारणं सोडून देतो. जाता जाता आणखी एक. त्या संवादात कात्यायनी एक शब्दही बोलत नाही. तिला संसारातलं कळत होतं, एवढंच उपनिषद सांगतं. नवरा कायमचा निघून चालला असताना तिला काय वाटलं, हे कोणी विचारलेलं नाही. आता मला तो भाग वाचताना मैत्रेयीपेक्षा तिचीच जास्त आठवण येते.

या एकत्वाचं संसारात काय करायचं, याचं उत्तर मला शंकराचार्यांपेक्षा ज्ञानदेवांकडे सापडलं. अमृतानुभवाचं पहिलं प्रकरण शिव आणि शक्ती यांच्याबद्दल आहे आणि ज्ञानदेवांनी त्यांना चक्क जोडपं म्हणून रंगवलं आहे. त्यांचा संसार आहे, त्यांचं घर आहे. एक झोपला की दुसरी जागी राहून दोघांचं काम करते. ती दोघं इतकी एकमेकांच्या ओढीची आहेत की एकमेकांना गिळून टाकतात, पण त्यांना दोन असण्याचीही आवड आहे, म्हणून पुन्हा वेगळी होतात. ओठांचा, डोळ्यांचा, दिव्यांचा दाखला देऊन ज्ञानदेव सांगतात की जोडी मोडली नाही, तरी तिच्यातून उमटतं ते एकच. वडील हा भाग वाचताना थांबायचे आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. तेव्हा मला तो कंटाळा वाटायचा. आता मी तो भाग वाचते तेव्हा मला दिसतं की तेराव्या शतकातला हा तरुण संन्यासीपुत्र अद्वैताच्या ग्रंथाची सुरुवातच दोघांच्या संसाराने करतो आणि त्या दोघांना विरघळवून टाकत नाही. त्यांचं दोनपण हा त्याच्या लेखी दोष नाही. दोन असणं ही प्रेमाची हौस आहे.

भक्तांची भूमिकाही हीच होती. मुक्ती नाकारून आमच्या संतांनी पुन्हा जन्म मागितला, कारण देवात विरून गेल्यावर देवावर प्रेम कोणी करायचं? आणि पंढरपुरात काय दिसतं? रुक्मिणी विठ्ठलाच्या शेजारी उभी नाही. ती रुसून दिंडीरवनात निघून आली, तिच्या मागे देव आला, अशी कथा. आजही तिचं मंदिर त्याच आवारात, पण स्वतंत्र आहे. लाखो माणसं आधी त्याच्या पायांवर डोकं ठेवतात आणि मग तिच्या दर्शनाला जातात. त्यात कोणाला संसार मोडल्यासारखं वाटत नाही.

मला दोन आक्षेप नेहमी ऐकायला मिळतात आणि दोन्हींना मी मनापासून उत्तर देऊ इच्छिते.

पहिला असा, की घरातलं घरात राहावं, नवरा-बायकोत तिसरा कशाला? पण आपल्या लग्नात तिसरा कायमच होता. लग्न लागलं तेच अग्नीच्या साक्षीने. नंतर मामा यायचा, थोरली आत्या यायची, भावकीतला एखादा शहाणा माणूस दोघांना समोर बसवायचा. त्यांतले कितीतरी जण फार चांगले होते. मात्र ते निकाल ठरवून यायचे. संसार टिकला पाहिजे, बाईने थोडं सोसलं पाहिजे, पुरुषाने दारू कमी केली पाहिजे, चला, चहा घ्या. थेरपिस्टने निकाल आणायचा नसतो. कोण बरोबर हे त्याने सांगायचं नसतं, आणि जोडप्यांना सुरुवातीला याचाच सगळ्यांत जास्त राग येतो. "मॅडम, तुम्हीच सांगा!" असं म्हणून दोघं माझ्याकडे वळतात. मी सांगत नाही. मी त्यांना एकमेकांकडे वळवते. माझं काम आहे की एक जण बोलत असताना दुसऱ्याचं ऐकणं सुटू नये, आणि बोलणाऱ्याने टोमण्याच्या मागे लपू नये. साक्षीला बसलेल्या माणसासमोर आपण जरा जास्त खरं बोलतो. अग्नीला साक्षी ठेवण्यामागे हेच असावं, असं मला वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. स्त्रियांची चळवळ करणाऱ्या माझ्या मैत्रिणी विचारतात, जिथे एक जण बलवान आणि दुसरी दुबळी, तिथे दोघांना समोरासमोर बसवून 'दोघांची बाजू' ऐकणं हा अन्याय नाही का? आहे. जिथे मारहाण आहे, धमकी आहे, पैसे आणि फोन काढून घेतलेले आहेत, तिथे मी जोडप्याला एकत्र बसवत नाही. खोलीत खरं बोललेल्या बाईला घरी गेल्यावर त्याची किंमत मोजावी लागते. अशा वेळी आधी तिची सुरक्षितता, 2005चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, पोलीस, निवारा. संवाद नंतर, आणि तोही तिला हवा असेल तरच.

इथे एकत्वाच्या कल्पनेची काळी बाजू उघड होते. दोघं एक, असं म्हटलं की तो एक कोण, हे बहुतेक वेळा ठरलेलं असतं. संत बहिणाबाई लहान वयात माहेरच्या माणसांबरोबर याच कोल्हापुरात राहायला आल्या. जयरामस्वामींच्या कीर्तनाला जातात, लोक त्यांच्याभोवती जमतात, म्हणून नवऱ्याने त्यांना मारलं. त्यांनी स्वतःच्या अभंगांत ते लिहून ठेवलं आहे. तुकोबांना गुरू मानणारं बायकोचं मन नवऱ्याला आपल्या मालकीच्या घरात झालेली चोरी वाटलं. पुढे तो बदलला, तेही त्या सांगतात. पण तो बदलला नसता तर त्यांना सोडवायला कोणी आलं नसतं. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या रखमाबाईंनी अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. 1884मध्ये खटला सुरू झाला, 1887मध्ये न्यायालयाने हुकूम केला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी ठेवली. 1888मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या पुढे डॉक्टर झाल्या. सहजीवनाची मागणी करण्याचा हक्क 1955च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात अजूनही आहे. न्यायालय एका छपराखाली राहायला सांगू शकतं. एकमेकांकडे बघायला सांगू शकत नाही.

म्हणूनच सत्यशोधक पद्धतीच्या लग्नाकडे मला आदराने पाहावंसं वाटतं. असं पहिलं लग्न 1873मध्ये पुण्यात लागलं. जोतीराव फुल्यांनी त्यासाठी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांबद्दल विचारते, वर ते मान्य करून वचन देतो. भटजी त्यांच्या वतीने बोलत नाही. लग्नाच्या मांडवातच दोघांनी दोन माणसं म्हणून तोंड उघडावं, ही कल्पना त्या काळी किती धाडसाची होती. आज ती आपण विसरलो आहोत, हे मला फार लागतं.

थेरपीने सगळी लग्नं वाचतात असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत अँड्र्यू ख्रिस्तेन्सन आणि नील जेकबसन यांनी फार बिघडलेल्या 134 जोडप्यांवर दोन प्रकारची थेरपी करून पाहिली. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा जवळपास निम्मी जोडपी खरोखर सुधारलेली होती आणि साधारण चौथा हिस्सा वेगळा झालेला होता. त्यांतल्या एका पद्धतीचा गाभा होता स्वीकार. समोरच्याला बदलण्याची झटापट थोडी सोडून, तो असा का आहे हे समजून घेणं. माझा अनुभव या आकड्यांच्या विरुद्ध जात नाही. काही जोडपी माझ्याकडे येऊन वेगळी झाली. त्यांतल्या एका नवऱ्याने शेवटच्या भेटीत बायकोला विचारलं, मुलीच्या बारावीपर्यंत मी दर रविवारी जेवायला आलो तर चालेल का? ती म्हणाली, या, पण फोन करून या. मी त्या थेरपीला अपयश म्हणत नाही.

फाउंड्रीतला तो नवरा आणि ती शिक्षिका अजून एकत्र आहेत. त्याला आजही पटकन विचारता येत नाही. तो दुपारच्या सुट्टीत फोन करतो आणि 'जेवलीस का' म्हणतो. तिला ते पुरत नाही, आणि ते पुरत नाही हे ती आता त्याला सांगते. मागच्या वेळी आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, सांगावं लागतं याचं अजून वाईट वाटतं. पण सांगितल्यावर ते ऐकतात." या दोन वाक्यांतलं पहिलं कधी पूर्णपणे जाईल असं मला वाटत नाही, आणि ते जावं म्हणून मी काही करणारही नाही.

वाचणाऱ्यांना माझं मागणं आहे. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं वकिलाकडे जाऊन आलेली असतात, किंवा एकाने मनातल्या मनात निर्णय घेऊन टाकलेला असतो. तोवर थांबू नका. दातांच्या डॉक्टरकडे जायला आपण लाजत नाही, तसंच हे आहे. जाताना समुपदेशकाचं शिक्षण काय, जोडप्यांसोबत काम करण्याचं प्रशिक्षण घेतलं आहे का, हे निःसंकोच विचारा. जो पहिल्याच भेटीत कोण चुकलं ते सांगून टाकेल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. घरात मारहाण असेल तर जोडीने जाऊ नका, आधी एकटीने जा. आणि जोडीदार यायला तयार नसेल तर त्याच्या होकाराची वाट बघत बसू नका. एकाने येऊनही काम सुरू करता येतं. माझ्याकडे अशा किती जणी आणि किती जण आले आहेत, ज्यांचा जोडीदार काही महिन्यांनी आपणहून मागे आला.